मागच्या सीटपर्यंत

"मुकी हाय का ती?"

हा प्रश्न मला विचारलेला नव्हता. खाकी शर्टातले एक म्हातारे गृहस्थ माझ्या सायकलच्या चाकाशी उकिडवे बसून तो आमच्या सायकल ग्रुपमधल्या डॉक्टरबाईंना विचारत होते. मी दोन हात अंतरावर उभी होते आणि हेल्मेटचा पट्टा सोडवण्यात फार गुंतले आहे असं दाखवत होते.

"मुकी नाही हो मामू, लाजते जरा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तिचंही वेरूळच धरा."

"असं कसं धरू? तुमचं तिकीट तुम्ही काढलं. तिचं तिनं काढायचं."

आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी एकेक करून आपापलं तिकीट काढलं होतं. म्हणजे हवेच्या पंपाजवळ उभं राहून, मोठ्यानं, कुठून आलो आणि कुठं चाललो ते सांगितलं होतं. पैशाचा काही संबंध नव्हता. सांगितल्याशिवाय चाकात हवा मिळत नव्हती, एवढंच. मी एकटी राहिले होते.

"वेरूळ," मी म्हणाले.

"पिछली सीट तक नै आया," मामू म्हणाले.

समोर लिंबाच्या झाडाखाली भंगारातून आणलेली एसटीची तीन बाकडी एकामागे एक मांडली होती. मागच्या बाकड्यावर दोन ट्रेकर बसून केळी खात होते. त्यांच्यापर्यंत माझा आवाज पोचायला हवा होता. त्यांनी केळी खायची थांबवली आणि ऐकायला तयार होऊन माझ्याकडे बघायला लागले. मी घाटाच्या दिशेनं बोट दाखवलं.

मामूंनी पुढच्या चाकात हवा भरली, पंप काढला, उभे राहिले आणि हात पुसले.

"मामू, मागचं चाक?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"अर्धंच तिकीट काढलं की तिनं."

त्या रविवारी मी मागचं चाक मऊ घेऊन वेरूळपर्यंत गेले. उतारावर ग्रुपमधल्या प्रत्येकानं मला ओलांडताना "अर्धं तिकीट!" अशी आरोळी ठोकली. मामूंनी पुढं मला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नाही.

गावाचं नाव मी लिहीत नाही. वेरूळच्या वरच्या अंगाला, घाट चढून आलं की लागतं ते. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. गाव लहान आहे, पण त्याच्या वेशीवर इतक्या वाटा एकत्र येतात की नकाशात तिथं कोळ्याचं जाळं दिसतं. आमच्या शहरातून दौलताबादवरून येणारा घाटरस्ता, नाशिककडून दोन-दोन दिवस सायकल मारत येणाऱ्यांचा रस्ता, फुलंब्रीवरून अजिंठ्याकडे निघणारा रस्ता. शिवाय पायवाटा. डोंगराच्या सोंडेवरून म्हैसमाळला जाणारी एक, आणि खाली लेण्यांकडे उतरणारी एक. हिवाळ्यात रविवारी सकाळी त्या तिठ्यावर रंगीबेरंगी कपड्यातली इतकी माणसं असत, की गावातल्या बायका शेतावर जाताना क्षणभर थांबून बघत आणि एकमेकींना कोपरानं ढोसत.

या तिठ्यावर मामूंचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक पंप, पाण्याचं घमेलं आणि ती बाकडी. मामूंचं खरं नाव मला माहीत आहे, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. तीसएक वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी फक्त गाडी सोडली, बाकी काही सोडलं नाही. शर्ट खाकीच राहिला. तिकिटांचा पत्र्याचा ट्रे तसाच राहिला; ज्या खणांत तिकिटांचे गठ्ठे असायचे त्यांत आता व्हॉल्व्ह, ठिगळं, सोल्यूशनच्या ट्यूबा आणि एका खणात बडीशेप. तिकिटाला भोक पाडायचा पंच त्यांच्या डाव्या हातात कायम असे. विचार करताना तो ते पंपावर वाजवत, कट्-कट्, कट्-कट्. पंक्चर लांबूनच ओळखत, पण माणूस ओळखायला त्यांना त्या कट्-कटची गरज लागे.

लिंबाच्या फांदीला त्यांनी एक घंटा टांगली होती, तिला सुतळी. तुम्ही मोठ्यानं तिकीट काढलं की ते डबल घंटी द्यायचे, मग निघायचं. घंटी मिळायच्या आत कुणी पायडल मारलं तर एकच टोला पडे. एक टोला म्हणजे थांबा. सायकली कितीही महागाच्या असोत, थांबत. मी एकदा एका मोठ्या कंपनीतल्या साहेबांना, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर 'टायमिंग बिघडत असताना', एका टोल्यावर खाली उतरून "शहर ते कन्नड, व्हाया वेरूळ!" असं बाकड्यांकडे तोंड करून ओरडताना बघितलं आहे.

पहिल्या बाकड्यावर पाठीमागं पांढऱ्या रंगात 'स्त्रियांसाठी' असं लिहिलेलं होतं, आणि मामू ते पाळायला लावत. एकदा एक परदेशी पाहुणा, सहा फूट उंच, उन्हानं लाल झालेला, नेमका तिथं बसला. मामूंनी त्याला उठवलं. तो बिचारा हातवारे करून सांगत होता की बाकी दोन्ही बाकडी भरली आहेत.

"उभ्यानं प्रवास करा," मामू म्हणाले.

"अहो, पाव्हणा हाय तो. लाज धरा की वाईच," रस्त्यापलीकडून मावशी ओरडल्या. मावशींची चहाची टपरी मामूंच्या बरोबर समोर. मामूंशी भांडणं हा त्यांचा जोडधंदा होता.

"तू तुझं दूध बघ. उतू चाललंय."

"तुमच्याच तोंडासारखं!"

तरी त्या परदेशी माणसाला चहा मावशींनी पाठवला आणि बडीशेप मामूंनी दिली. त्यानं उभ्यानंच दोन्ही घेतलं.

आम्ही सायकलवाले म्हणजे मामूंच्या भाषेत 'चाकवाले' आणि पायी चालणारे 'बूटवाले'. एरवी या दोन जातींचं फारसं जमत नाही. चाकवाल्यांना बूटवाले संथ वाटतात, बूटवाल्यांना चाकवाले दिखाऊ. मामूंच्या बाकड्यावर मात्र त्यांना मांडीला मांडी लावून बसावं लागे आणि एकमेकांची तिकिटं ऐकावी लागत. त्यामुळं अमुक उतारावर खडी सांडली आहे, तमुक टाकीला पाणी नाही, असल्या बातम्या या जातीतून त्या जातीत जात. मामू काही लिहून ठेवत नसत. "कागदाला सांगितलं तर कागदाला माहीत," ते म्हणत. "आता मला माहीत, मावशीला माहीत, ह्या चौघांना माहीत. संध्याकाळी आला नाय तर सहा जण विचारत्यात."

ते विचारतही. दिवस कलला की मामू पंच वाजवत मनातल्या मनात हजेरी घेत. वर गेलेले इतके, उतरलेले इतके. एकदा नाशिकच्या एका ट्रेकरनं "म्हैसमाळ!" म्हणून मोठ्यानं तिकीट काढलं, अर्ध्या वाटेत बेत बदलला, भलतीकडून खाली उतरून मिळेल ती बस धरून घरी गेला. मामू दुपारनंतर आपली काळी सायकल घेऊन म्हैसमाळपर्यंत गेले, प्रत्येक वस्तीवर विचारत, आणि ढकलत परत आले, कारण वाटेत त्यांचीच सायकल पंक्चर झाली होती. पुढच्या महिन्यात तो ट्रेकर पुन्हा उगवला. मामूंनी त्याला बघितलं आणि घंटीचा एक टोला दिला. तो थांबला, हसला, मग हसायचा थांबला.

"त्या दिवशी कुठं उतरलास, ते सांग," मावशीच शेवटी म्हणाल्या. "मोठ्यानं सांग. त्याशिवाय म्हातारा काय तुला हलू द्यायचा नाय."

सांगितलं त्यानं. सगळ्यांसमोर, मागच्या बाकड्यापर्यंत ऐकू जाईल असं. मामूंनी ऐकून घेतलं आणि डबल घंटी दिली. पुन्हा तो विषय काढला नाही.

हे सगळं मी बघत असे. बघण्यात मी तरबेज आहे. आमच्या घरात बोलण्याचं काम बाबांकडे. गुलमंडीत त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि एका परकरासाठी ते गिऱ्हाइकाशी अर्धा तास बोलू शकतात. मला इंग्रजी शाळेत घातलं, तिथं मराठीचा एकच तास असे. त्यामुळं मनात वाक्य आधी इंग्रजीत तयार होई, मग मी ते मराठीत आणी, मग त्यातले शब्द तपासून बघे, आणि तोवर समोरचं माणूस दुसऱ्या विषयावर गेलेलं असे. शाळेत याला 'वेल बिहेव्ड' म्हणत. मामूंनी त्याला अर्धं तिकीट म्हटलं. पुढच्या तीन-चार महिन्यांत मी दर रविवारी गेले आणि दर रविवारी माझं एकच चाक भरलं गेलं. दुसरं मी घरून भरून नेऊ लागले. मामूंनी ते दाबून बघितलं आणि म्हणाले, "हुशार हाय. पण बोलाया लागंलच एक दिवस."

आता चुकीकडे येते.

तेव्हा मी शहरातल्या एका छोट्या डिझाइन ऑफिसात कामाला होते. आता नाही. त्या वर्षी सायकलवाले, ट्रेकर आणि काही हॉटेलवाले यांनी मिळून एक समिती केली होती. तिठ्यावर येणाऱ्या सगळ्या वाटांना बोर्ड लावायचे, बाण रंगवायचे, मोठा नकाशा उभा करायचा. काम आमच्या ऑफिसला आलं आणि आमच्या सरांनी ते माझ्याकडे दिलं. "तू तिकडं सायकल चालवतेस ना? तुला सगळं माहीतच असेल."

रस्ते माहीत होते. पायवाटा नव्हत्या. म्हणून एप्रिलमध्ये एका मंगळवारी मी स्कूटर घेऊन तिठ्यावर गेले. मला एकच गोष्ट विचारायची होती. वेरूळला खाली उतरणारी पायवाट कुठून सुरू होते? सात शब्द. येताना घाटात मी ते घोकले होते.

बाकड्यांवर पाच-सहा गावकरी बसले होते. मामू घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होते.

"आज चाक नाय?" त्यांनी वर बघितलं. "कुठं, अर्धं तिकीट?"

सगळी बाकडी माझ्याकडे वळली.

"काही नाही," मी म्हणाले. "सहज आले."

"सहज नावाचा स्टॉप नाय या लायनीवर."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण मी स्कूटर वळवली आणि घाट उतरून थेट शहरात परतले. ऑफिसात बसून मी उपग्रहाचं छायाचित्र उघडलं. गावाच्या टाकीमागून एक फिकट, स्वच्छ, वळणदार रेघ थेट खालच्या खोऱ्यात उतरत होती. इतकी ठळक की वाटेशिवाय दुसरं काही असेल असं मनातच आलं नाही. मी तिच्यावर पिवळी तुटक रेघ ओढली. फार सुबक नकाशा झाला होता. सरांनी तो सगळ्यांना दाखवला.

जूनमध्ये बोर्ड लागले. जुलैमध्ये एका रविवारी मी ग्रुपबरोबर वर आले तर टाकीजवळचा पिवळ्या बाणाचा बोर्ड गोणपाटानं झाकलेला. गोणपाटावरून सायकलची जुनी ट्यूब आवळून बांधलेली.

"मामू, हे काय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तिकडं गाडी जात नाय."

"पण बोर्ड आहे ना!"

"बोर्ड हाय. वाट नाय. वाट ही हितनं, माझ्या दुकानापुढनं, सीताफळीच्या झाडीतनं. कायमची. ते तिकडचं पाणी जायचं हाय, माणसं जायचं नाय."

मी माझ्या हेल्मेटचा पट्टा सोडवायला लागले.

मामू रोज सकाळी बोर्ड झाकत आणि दिवस मावळला की गोणपाट काढून, झटकून, घडी करून ठेवत. "ह्या वेळी कोण जातंय खाली? उगा पोतं भिजंल." हा त्यांचा हिशोबीपणाच त्यांच्या अंगाशी आला. समितीतले एक जण संध्याकाळी आले तेव्हा बोर्ड उघडा, सकाळी आले तेव्हा झाकलेला. त्यांनी फोटो काढून समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली चर्चा झाली. ज्या वाटेवर स्वतःचं दुकान ती वाट खरी, आणि शास्त्रशुद्ध नकाशातली खोटी? म्हातारा गिऱ्हाइकं ओढतोय. शेवटी ठरलं की बोर्डांची नासधूस चालू देता येणार नाही. तिठ्यावर तसंही माहिती केंद्राची खोली बांधायची होती. मामूंना तिथून उठवावं, वेशीच्या आत कुठंतरी जागा द्यावी. शाळेच्या हॉलमध्ये रविवारी बैठक घेऊन सगळ्यांसमोर निकाल लावू.

"गिऱ्हाइकं ओढतोय!" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "अगं बाई, बूटवाल्यांना काय हवा भरायची असती का ह्याच्याकडनं?"

इतका साधा मुद्दा त्या ग्रुपवर कुणाला सुचला नव्हता. मलाही मावशी बोलल्यावरच सुचला.

बैठकीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी एकटी वर गेले. मामूंनी विचारलं, "कुठं?"

"खाली. पायी."

"माझ्या वाटेनं का बोर्डाच्या?"

मी बोर्डाकडे बोट दाखवलं. पंच वाजला, कट्-कट्. मग ते उठले, ट्यूब सोडली, गोणपाट बाजूला केलं. "जा. पण जिथं पाय म्हणंल नको, तिथं थांब. नकाशाचं ऐकू नको." डबल घंटी दिली नाही.

सुरुवात छान होती. पांढरे, गुळगुळीत दगड, दोन्ही बाजूंना गवत. दर पन्नास पावलांवर दगडावर माझ्या पिवळ्या रंगाचा ठिपका. पाऊस दोन दिवस थांबला होता, तरी दगडांच्या मधून पाण्याचा बारीक आवाज येत होता. मग ठिपके संपले. मी आणखी वीसेक पावलं गेले आणि वाटही संपली. खाली दोन पुरुष उंचीचा कडा होता आणि कड्यावरून पाण्याची एक बारीक धार पडत होती. उन्हाळ्यात आभाळातून जी फिकट रेघ दिसली होती ती ओढ्याची होती. खरी वाट झाडीखाली होती, म्हणून ती आभाळातून दिसली नव्हती.

कड्याच्या ओठावर हिरवं शेवाळ होतं आणि शेवाळावर चार समांतर रेघा. ओरखडल्यासारख्या. मी बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिले. मग माझ्या लक्षात आलं की त्या बोटांच्या आहेत. कुणीतरी घसरलं होतं, धरलं होतं आणि परत वर आलं होतं. त्यानं कुणाला सांगितलं नसावं.

येताना शेवटच्या पिवळ्या ठिपक्यापाशी मी थांबले. ठिपके रंगवणारा माणूस इथवर आला होता. इथून त्याला पुढचा कडा दिसला असणार. त्यानं डबा उचलला आणि गुपचूप परत गेला. तो कोण होता मला माहीत नाही, पण त्याला मी चांगली ओळखते.

वर आले तेव्हा माझ्या पँटच्या गुडघ्यांना शेवाळ लागलं होतं. मामूंनी तांब्याभर पाणी पुढं केलं.

"काय दिसलं?"

बाकड्यांवर कुणी नव्हतं. मागच्या सीटपर्यंत आवाज जायची गरज नव्हती. फक्त मामू होते आणि पलीकडे मावशी कप विसळत होत्या. इतकी सोपी संधी मला आयुष्यात मिळाली नसेल.

"काही नाही," मी म्हणाले.

"गुडघे बोलाया लागले, तू नाय." ते पुन्हा बोर्डावर ट्यूब आवळायला लागले. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "ज्यानं हा नकाशा काढला ना, तो मानूस वाईट नसंल. लई सुबक काढलाय. हितं येऊन नुसता इचारता तर मी संगं चालून दाखवलं असतं."

त्यांना माहीत नव्हतं. मी आजही खात्रीनं सांगते, त्यांना माहीत नव्हतं.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये साठेक माणसं होती. अर्धे चाकवाले, अर्धे बूटवाले, दाराशी गावातले काही लोक आणि पदराला हात पुसत आलेल्या मावशी. आमचे सर पहिल्या रांगेत. मी लॅपटॉपपाशी, पडद्यावर चित्रं पुढं सरकवायला. मामूंसाठी पुढं खुर्ची ठेवली होती. ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. नवा खाकी शर्ट, हातात पंच.

समितीचे अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मामूंच्या सेवेचा गौरव केला, मग माझा नकाशा पडद्यावर आणायला सांगितला. मी आणला.

"हा उपग्रहावरून केलेला आहे," ते म्हणाले. "यात चूक असण्याचा प्रश्न येत नाही. मामू, तुम्ही बोर्ड का झाकता?"

"पोरं पडतील म्हणून."

"कोणी पडलंय का आजवर?"

"झाकतो म्हणून नाय पडलं."

हॉलमध्ये थोडा हशा झाला. कुणीतरी मधूनच विचारलं, "मामू, तुम्हाला नकाशा वाचता येतो का?"

"नाय बा," मामू शांतपणे म्हणाले. "माझ्या गाडीत नकाशा नव्हता. पण गाडी कधी वढ्यात जाऊ दिली नाय मी."

"मग पुरावा काय?"

"पुरावा माझ्यासंगं चालाया लागला तर हाय. दोन तासाचं काम."

अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं. कुणी चालायला उठलं नाही. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि अर्ध्या लोकांना दुपारच्या आत शहरात पोचायचं होतं. वाद घालायची मामूंना सवयच नव्हती. ते तिकीट विचारत, तिकीट देत, आणि घंटी वाजवत. माणसाला ढकलून गाडीत चढवत नसत.

"तर मग," अध्यक्ष म्हणाले, "तिठ्यावरची जागा रिकामी करण्याबद्दल हात वर करावेत."

पुढच्या रांगांमधून हात वर जायला लागले. आमच्या सरांचा हात वर होता. मी डॉक्टरबाईंकडे बघितलं. त्यांचा हात मांडीवर होता, पण तो कुठंतरी जायच्या विचारात होता. शेवटच्या बाकावरून बारीक आवाज आला. कट्-कट्. कट्-कट्. मामू माणसं ओळखत होते.

मला आठवतं ते असं की मी लॅपटॉपचं झाकण लावलं. पडदा निळा झाला आणि सगळे माझ्याकडे वळले. मनात वाक्य तयार नव्हतं. इंग्रजीतही नव्हतं. मी तोंड उघडलं आणि काहीतरी बोलले.

"काय म्हणालात?" अध्यक्षांनी विचारलं.

"ती म्हणते नेटवर्क गेलं," सर घाईघाईनं म्हणाले. "बस तू."

मी उभीच होते. तेवढ्यात हॉलच्या टोकाहून, सगळ्या डोक्यांवरून, पावसाच्या आवाजावरून, तो ओळखीचा दमदार कंडक्टरी आवाज आला.

"पिछली सीट तक नै आया, अर्धा टिकट."

कुणीतरी हसलं. मावशींनी त्याला "गप रं," म्हणून दटावलं. मी सरांकडे बघितलं नाही, अध्यक्षांकडेही नाही. सरळ शेवटच्या बाकाकडे बघितलं, आणि ज्या आवाजात बाबा गुलमंडीत रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकाला हाक मारतात त्या आवाजात मी म्हणाले:

"मी शहरातून आले. काल बोर्डाच्या वाटेनं खाली गेले. ती वाट नाही, ओढा आहे, आणि पुढं कडा आहे. हा नकाशा मी काढला. एप्रिलमध्ये मी तिठ्यावर वाट विचारायला आले होते, मामूंनी कुठं म्हणून विचारलं होतं, आणि मी न विचारता परत गेले."

शेवटच्या बाकावरची कट्-कट् थांबली, आणि पुढच्या रांगांमधले हात एकेक करून खाली यायला लागले.